ग्रॅबला 'चीटिंग' म्हणण्याआधी: स्मॅशमधली पकड, फेक आणि पुढचा अर्धा सेकंद

ढालतोड (धागाकर्ता)

मागच्या रविवारी कोथरूडला एका मित्राकडे सहा जण जमलो होतो. टीव्हीला जुना गेमक्यूब, त्यात मेली, म्हणजे सुपर स्मॅश ब्रदर्सचा दुसरा गेम: समोरच्याला मारून स्टेजबाहेर घालवायचं. मित्राचा धाकटा भाऊ मारिओ घेऊन माझ्या मार्थसमोर बसला. सलग चार वेळा ग्रॅब झाला, म्हणजे पकडला गेला. चौथ्यांदा कंट्रोलर गादीवर ठेवून उठला आणि म्हणाला, "ही चीटिंग आहे दादा. मी शील्ड धरली होती!"

घरी येईपर्यंत त्याचं बोलणं डोक्यात घोळत होतं. शील्ड, म्हणजे ढाल, त्याने खरंच धरली होती, आणि नेमका म्हणूनच दर वेळी पकडला गेला. तिथल्या तिथे मला हे त्याला नीट समजावता आलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

पहिला सुपर स्मॅश ब्रदर्स १९९९ मध्ये निन्टेन्डो ६४ वर आला, मेली २००१ मध्ये, अल्टिमेट २०१८ मध्ये. पात्रं बदलली, वेग बदलला, पण एक तिढा तसाच राहिला. वार शील्डवर अडतो. शील्ड धरून बसलेल्याला ग्रॅब उचलतो. ग्रॅबसाठी हात पुढे टाकणाऱ्याला वार आधी गाठतो. दगड-कागद-कात्रीच आहे ही. यातली कात्री काढून घेतली तर मागे सरून शील्ड धरून बसणाऱ्याला कोण हलवणार?

आता वेगाचं बघा. खेळ सेकंदाला ६० फ्रेमनी, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. मेलीत फॉक्स, फाल्को, मार्थ, शीक यांचा उभ्याने केलेला ग्रॅब सातव्या फ्रेमला लागतो, म्हणजे साधारण ११७ मिलिसेकंदांत. डोळ्याने बघून बोट हलवायला माणसाला दोनशेच्या वर लागतात. म्हणजे ग्रॅब बघून कुणीच चुकवत नाही. चुकवणारा आधीच ताडतो की समोरचा आता हात टाकणार, आणि उडी मारतो किंवा जागीच डॉज करतो, म्हणजे अंग चुकवतो.

मेलीतली एक गोष्ट मला फार आवडते, ती जरा सविस्तर सांगतो. पळता पळता झेड, म्हणजे ग्रॅबचं बटण, दाबलं की डॅश ग्रॅब येतो. तो उशिरा लागतो, आणि हुकला तर बराच वेळ तुम्ही हात पसरून उभे. म्हणून खेळणारे आधी उडीचं बटण दाबतात. कुठलंही पात्र जमीन सोडण्याआधी क्षणभर गुडघ्यात वाकतं. मार्थचं हे वाकणं चार फ्रेमचं, फॉक्सचं तीन. तेवढ्या वेळात झेड दाबलं की उडी रद्द होते आणि पळण्याचा वेग अंगात ठेवूनच उभा ग्रॅब निघतो. पाय घसरत पुढे जातात, हात मात्र सातव्या फ्रेमलाच पोचतो. हे बसायला मला तीन आठवडे लागले. उजवा अंगठा उडीच्या एक्सवर, तर्जनी झेडवर, आणि दोन बटणांचा आवाज 'टक... टक' असा सुटा न येता 'टटक' असा एकत्र यायला हवा. सुटा आला की मार्थ हवेत गेलेला असायचा आणि समोरचा फॉक्स खाली वाट बघत उभा.

पण माझा खरा मुद्दा पकडीच्या पुढचा आहे. ग्रॅब लागला की बघणाऱ्याला वाटतं, झालं, आता पकडलेला नुसता मार खाणार. तसं नसतं. पकडणाऱ्याकडे फेकायला चार दिशा असतात आणि पकडलेल्याच्या हातात स्टिक असते. फेकलं जाताना स्टिक कुठे धरली आहे त्यावर तो कुठे जाणार ते बदलतं. यालाच डीआय (डिरेक्शनल इन्फ्लुअन्स) म्हणतात. त्या अर्ध्या सेकंदात दोघंही खेळत असतात. त्या पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं आपली पाळी संपली, आणि म्हणून स्टिक कुठे धरायची याचा त्याने विचारच केला नाही.

तुम्ही कुठला गेम खेळता, आणि ग्रॅबचं कोडं तुम्हाला कधी उलगडलं, ते लिहा.


नवखा_मारिओ

धागा वाचून हायसं वाटलं, मी त्या पोराच्याच जागी आहे. फक्त माझ्याकडे स्विच आहे आणि मी अल्टिमेट खेळतो. अडचण मात्र उलटी. ग्रॅब करायला जातो आणि हुकतो. हुकलो की समोरचा सावकाश येऊन मोठा वार मारतो. पळत जाऊन ग्रॅब करणं चुकीचं आहे का?


फ्रेमवेडी

नवखा, चुकीचं नाही, पण तेवढंच करत असशील तर समोरच्याला ते पाठ झालं असणार.

अल्टिमेटमध्ये मारिओचा उभा ग्रॅब सहाव्या फ्रेमला लागतो, डॅश ग्रॅब नवव्या आणि मागे वळून केलेला पिव्हट ग्रॅब दहाव्या. आकडे जवळजवळ आहेत, पण हुकल्यावरची शिक्षा मोठी आहे. या खेळात आधीच्या खेळांपेक्षा हुकलेला ग्रॅब जास्त महाग केलाय. त्यामुळे 'जमलं तर जमलं' म्हणून हात टाकायचा नाही.

मी माझ्या भाचीला शिकवताना टोमाहॉकपासून सुरुवात केली. लहान उडी मारून समोरच्याच्या अंगावर जायचं, जणू आता हवेतून लाथ बसणारच. तो घाबरून शील्ड धरतो. तू काहीही न मारता जमिनीवर उतरायचंस आणि लगेच ग्रॅब. ही रिकामी उडी चालते कधी? आधी दोन-तीन वेळा तू खरंच लाथ मारलेली असशील तेव्हा. पहिल्याच वेळी रिकामी उडी टाकलीस तर त्याला शील्ड धरायचं कारणच नाही, तो सरळ तुला मारेल. भाचीने हे ऐकल्यावर विचारलं, "म्हणजे आधी खरं बोलायचं आणि मग एकदा खोटं?" मी म्हटलं, अगदी बरोबर.

आणि शील्डमधून ग्रॅब करायची सवय कमी कर. अल्टिमेटमध्ये शील्डवर वार झेलून लगेच ग्रॅब केलास तर चार फ्रेमचा जादा उशीर लागतो, म्हणजे मारिओचा सहाचा ग्रॅब दहाचा होतो. समोरचा जवळ येऊन चुकीचा वार करून अडकला असेल तरच तो लागेल. लांबून तलवारीचं टोक लावून गेला असेल तर तुझा हात त्याच्यापर्यंत पोचणारही नाही.


जुना_कार्ट्रिज

आमच्याकडे ६४ होता, अमेरिकेतल्या आत्याने आणलेला. त्यात फेकी फक्त दोनच, पुढे आणि मागे. वर आणि खाली फेकणं मेलीत आलं, आणि पकडून ठेवून गुद्दे मारणंही तेव्हाच.

पण त्या दोन फेकींत जीव होता. डाँकी काँग पुढची फेक करताना समोरच्याला खांद्यावर टाकून चालायला लागायचा. मी माझ्या चुलतभावाला खांद्यावर घेऊन कडेपर्यंत जायचो आणि तो शेजारी बसून कंट्रोलर गदागदा हलवायचा. सुटायचाही कधी कधी. ढालतोड म्हणतात तो अर्धा सेकंद आमच्या घरात चांगला लांबायचा.


राईनकाठचा

मी कोलोनजवळ राहतो, इथे मेली खेळणारी मंडळी अजून नियमित जमतात. ग्रॅबबद्दल एक अनुभव सांगण्यासारखा आहे.

भारतात असताना मी अमेरिकन आवृत्तीवर शिकलो होतो. माझी शीक. शीकची खालची फेक म्हणजे माझा सगळा संसार. गॅनॉनडॉर्फ, लिंक अशांना खाली फेकलं की ते थोडे वर उचलले जायचे, तेवढ्यात पुन्हा पकडायचं, पुन्हा फेकायचं. ते कुठल्याही दिशेला डीआय करोत, मला फक्त दोन पावलं इकडे-तिकडे सरकायला लागायचं. साखळीच ती, म्हणून चेनग्रॅब.

इथे पहिल्याच संध्याकाळी एका जर्मन पोराच्या गॅनॉनडॉर्फला खाली फेकलं आणि पुढचा ग्रॅब हवेत गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला वाटलं प्रवासात कंट्रोलर बिघडला. तो हसून म्हणाला, "ही पाल डिस्क आहे." युरोपातल्या आवृत्तीत शीकची ती फेक बदललेली आहे, नीट डीआय केलं की माणूस निसटतो. त्या एका बदलाने माझी निम्मी शीक गेली.

महिनाभर चिडचिड झाली. मग लक्षात आलं की इतकी वर्षं मी शीक खेळत होतो असं समजत होतो आणि प्रत्यक्षात एकच फेक खेळत होतो. सुईचे वार, कडेवरचा खेळ, हवेतली लाथ हे सगळं मी इथे येऊन शिकलो. त्या पाल डिस्कचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मनापासून मानतो.


ढालतोड

राईनकाठचा, फार मोलाचं लिहिलंत. माझा मुद्दा तुमच्या अनुभवात सापडला. अमेरिकन आवृत्तीत गॅनॉनडॉर्फच्या हातात स्टिक होती, पण तिचा उपयोग नव्हता. पालमध्ये उपयोग होता.


जोडगोळी

मी आइस क्लाइंबर्स खेळतो, त्यामुळे हा विषय कुठे जाणार ते मला ठाऊक आहे. आधीच माझी बाजू मांडतो.

माहीत नसलेल्यांसाठी: आइस क्लाइंबर्स म्हणजे पोपो आणि नाना, दोघं मिळून एक पात्र. पोपोने समोरच्याला धरलं आणि त्याचे गुद्दे आणि नानाचे वार ठरावीक तालात आलटून पालटून बसत राहिले तर पकडलेला सुटूच शकत नाही. याला वॉबलिंग म्हणतात, रॉबर्ट राइट म्हणजे वॉबल्स या खेळाडूच्या नावावरून. २०१३ च्या एव्होमध्ये, म्हणजे मारामारीच्या गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत, तो आइस क्लाइंबर्स घेऊनच दुसरा आला, मँगो या खेळाडूने त्याला हरवलं. पुढे २०१९ च्या सुमारास बहुतेक मोठ्या स्पर्धांनी वॉबलिंगवर बंदी घातली.

माझं म्हणणं असं. तो एक ग्रॅब मिळवायला आम्हाला काय काय करावं लागायचं ते कुणी मोजत नाही. ग्रॅबची पोच तोकडी. नाना जिवंत हवी आणि शेजारीच हवी. फॉक्सने एक वार मारून दोघांना वेगळं केलं की मी अर्धा. चांगला खेळाडू अख्खा सामना आम्हाला वेगळं ठेवण्यात काढायचा, आणि तेही एक कौशल्यच होतं. मग पंधरा मिनिटं झगडून एक ग्रॅब मिळाला तर त्याचं फळ मोठं का असू नये? जिगलीपफने (पफने) फॉक्सला वर फेकून झोपेचा वार लावला की एका ग्रॅबमध्ये जीव जातोच की. त्यावर कुणी बंदी मागत नाही.


फ्रेमवेडी

जोडगोळी, तुमची मेहनत कुणी नाकारत नाहीये. पण पफच्या फेकीनंतर झोपेचा वार चुकला तर पफ तिथेच झोपून राहते आणि फॉक्स तिला फुकटात मारतो. दोघांनाही काहीतरी गमवायची भीती आहे. वॉबलिंगचा ताल लागल्यावर पकडलेल्याने काय करायचं? मी पाच वर्षं मेलीच्या सेटअपवर बसलेय. वॉबल सुरू झालं की समोरचा कंट्रोलर मांडीवर ठेवून टीव्हीकडे बघत बसायचा. ते बघताना मला दर वेळी वाईट वाटायचं.


ढालतोड

जोडगोळी, मीही फ्रेमवेडींच्या बाजूचा आहे, पण तुमचा पहिला भाग मला पटतो. पकड मिळवणं कठीण असेल तर फळ मोठं असावं, यात वाद नाही.

तुलना करायची तर माझ्या मार्थशी करा. फायनल डेस्टिनेशन या सपाट स्टेजवर मार्थ फॉक्सला वर फेकून पुन्हा पुन्हा पकडतो, तीसेक टक्क्यांपर्यंत (टक्के म्हणजे खाल्लेला मार, जितके जास्त तितकं लांब उडणं) ही साखळी सहज चालते. पण फॉक्स दर फेकीला डीआय बदलतो. डावीकडे गेला तर मला डावीकडे जायला हवं, मागे गेला तर वळायला हवं. एकदा चुकीचं पाऊल पडलं की तो सुटतो. पुढे टक्के वाढले की साखळी आपोआप तुटते आणि मला दुसरं काही शोधावं लागतं. फॉक्सला हे आवडत नसेल, पण तो प्रत्येक फेकीला मला एक प्रश्न घालतो. वॉबलमध्ये नानासमोर अडकलेल्याला प्रश्नच घालता येत नाही.

ब्रॉलमध्ये, म्हणजे मेलीनंतरच्या स्मॅशमध्ये, हे टोकाला गेलं होतं. किंग डिडीडी खालच्या फेकीने डाँकी काँगला जागच्या जागी हवं तितक्या वेळा पकडू शकायचा. मारिओ, लुइजी, सॅमस यांचंही तेच. डाँकी काँग आवडतो म्हणून तो निवडलात आणि समोर डिडीडी आला तर एक ग्रॅब म्हणजे एक जीव गेलाच. पुढे २०१४ च्या स्मॅश ४ मध्ये उपाय असा केला की फेकलेल्याला साधारण सेकंदभर पुन्हा पकडताच येत नाही. तेव्हापासून चेनग्रॅब संपले.


जोडगोळी

मार्थचं उदाहरण मान्य. डाँकी काँगचंही.

माझं मत बदललेलं नाही, पण एक सांगतो. बंदीनंतर मी हँडऑफ शिकलो. पोपोने फेकायचं, नानाने योग्य वेळी वार करून त्याला परत पोपोच्या हातात आणून द्यायचं. हे अजून चालतं. पण यात समोरचा डीआय करतो, त्यामुळे मला दोन बाहुल्या वेगवेगळ्या हलवाव्या लागतात आणि दर वेळी त्याची दिशा बघावी लागते. अवघड आहे. खरं सांगायचं तर वॉबलपेक्षा यात जास्त जीव रमतो. बंदी योग्य होती असं मात्र मी म्हणणार नाही.


विदर्भ_वीर

स्मॅश ४ मध्ये चेनग्रॅब गेले खरे, पण फेकीमधून जीव घेणं गेलं नाही. डिडी काँगची खालची फेक आणि लगेच हवेतून वरचा वार, 'हू-हा' म्हणायचे त्याला. सुरुवातीचे काही महिने दुसरं काही दिसतच नव्हतं. एप्रिल २०१५ च्या १.०.६ अपडेटमध्ये ते कमजोर केलं.


पॅरीप्रेमी

वेगळ्या बाजूने लिहितो. मी बरीच वर्षं रायव्हल्स ऑफ ईथर हा स्मॅशसारखाच दुसरा गेम खेळलो. पहिल्या रायव्हल्समध्ये शील्ड नाही आणि सगळ्यांसाठीचा ग्रॅबही नाही. शील्डच्या जागी पॅरी आहे, अचूक वेळी दाबलात तर वार वाया जातो आणि समोरचा उघडा पडतो. आमच्या कॉलेजात लॅपटॉपवर चालायचं म्हणून ब्रॉलहॅला फार खेळलं जायचं, त्यातही शील्ड नाही, डॉज आहे. तिथेही सगळ्यांसाठीचा ग्रॅब नाही.

ढालतोड यांचा मुद्दा इथे उलट्या बाजूने सिद्ध होतो असं मला वाटतं. जिथे धरून बसता येईल अशी ढाल नाही, तिथे ढाल उचलायला ग्रॅबची गरज पडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रायव्हल्स २ आला, त्यात शील्ड आणली, आणि तिच्यासोबत ग्रॅब आलाच. मला सुरुवातीला राग आला होता. माझा वेगवान, सतत पुढे धावणारा खेळ यांनी हळू केला असं वाटलं. दोन महिने खेळल्यावर उमगलं की मी आधी समोरच्याचे फक्त पाय बघायचो, आता हातही बघायला लागलोय.


तालमीतला

मी स्मॅश फार खेळत नाही, लहान भाऊ खेळतो. पण कोल्हापुरात तालमीत वाढलोय, आणि हा धागा मी दोनदा वाचला, कारण तुम्ही जे लिहिताय ते आमचे वस्ताद रोज सांगायचे. पट काढला म्हणजे कुस्ती झाली असं समजू नका. खालच्याला अजून दोन हात आहेत. पकडलेल्याने अंग सैल सोडलं की तो चितपट होतो. अंग कुठल्या बाजूला टाकायचं ते वरच्याने डाव टाकायच्या आधीच ठरवावं लागतं.

एक विचारायचं होतं. भाऊ इन्सिनरोअर खेळतो, तो पैलवान मांजर. त्याची एक चाल आहे, समोरच्याला धरून दोरांवर भिरकावतो आणि तो परत येताना त्याला झोडपतो. त्या वेळी शील्ड धरलेली असली तरी पकडतो. हाही ग्रॅबच का?


फ्रेमवेडी

हो दादा, तोही ग्रॅबच. याला कमांड ग्रॅब म्हणतात. ग्रॅबच्या बटणाने न येता खास चालीतून येतो आणि शील्डला तसाच उचलतो. वारिओचं चावणं, किर्बीचं गिळणं, योशीचं अंड्यात घालणं, गॅनॉनडॉर्फचं गळा धरणं, सगळे त्यातले.

इन्सिनरोअरच्या चालीत तुमच्या वस्तादांना आवडेल अशी गोष्ट आहे. दोरावरून परत येणाऱ्याला नेमक्या वेळी बटण दाबून गाठावं लागतं. वेळ साधली तर जबर मार बसतो, चुकली तर स्वतः इन्सिनरोअरलाच धक्का बसतो.


नवखा_मारिओ

सगळ्यांचे आभार. टोमाहॉक आठवडाभर करतोय, लागायला लागलंय. आता ढालतोडदादा, डीआयचं नीट सांगाल का? मला कुणी पकडलं की मी सगळी बटणं दाबतो आणि स्टिक गोल गोल फिरवतो. कधी सुटतो, कधी नाही. फेकलं गेल्यावर काय करायचं ते कळतच नाही.


ढालतोड

तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, बघ.

पकड किती वेळ टिकणार हे तुझ्या टक्क्यांवर असतं. टक्के कमी असले की पकड लवकर सुटते, तेव्हा बटणं आणि स्टिक हलवून तू आणखी लवकर सुटू शकतोस. समोरचा लोभाने गुद्दे मारत बसला तर नक्कीच सुटशील. पण शंभराच्या पुढे असशील तर तो तुला सहज फेकणार. त्या वेळी स्टिक ढवळत राहिलास तर फेक सुटण्याच्या नेमक्या क्षणी ती कुठे असेल याचा भरवसा नाही. ती जिथे असेल तिकडेच तू डीआय केलंस असं खेळ धरतो. म्हणजे नकळत तू स्वतःलाच चुकीच्या दिशेला नेतोस. त्या मारिओवाल्या पोराचं चौथ्या वेळी हेच झालं. मी पुढे फेकलं आणि त्याची स्टिक फिरता फिरता बाहेरच्या बाजूला येऊन थांबलेली. तो थेट कडेबाहेर गेला.

तर सुटायचं असेल तर बटणांनी सुटायचा प्रयत्न कर आणि स्टिक एका जागी धर. कुठे धरायची? नियम एवढाच की तू ज्या दिशेने उडणार आहेस तिला काटकोनात धर. सरळ वर फेकणार असेल तर डावीकडे किंवा उजवीकडे. आडवा फेकणार असेल तर वर किंवा खाली. फेकीच्याच दिशेला धरलीस तर काही बदलत नाही. मेलीत काटकोनात धरल्यावर उडण्याची दिशा जास्तीत जास्त १८ अंशांनी वळते. अल्टिमेटमध्ये त्याहून कमी. ऐकायला थोडं वाटतं, पण स्टेजच्या कडेवर तेवढ्यावरच जगणं-मरणं ठरतं. अल्टिमेटमध्ये नेसची मागची फेक शंभर-सव्वाशे टक्क्यांना कडेजवळ जीव घेते, तिथे वर आणि आत धरून पाहा.

दुसरी गोष्ट, चारही फेकींसाठी एकच दिशा पुरत नाही. म्हणून पकडणारा कोण आहे ते आठव आणि त्याची सगळ्यात घातक फेक कोणती तिच्यासाठी स्टिक धर. बाकी फेकींत थोडा जास्त मार बसेल, बसू दे. मेलीत फॉक्सने पकडलं तर वरची फेक आणि लगेच हवेतून दोन धक्क्यांचा वरचा वार, ही त्याची ठरलेली जोडी. पहिला धक्का हलका असतो. तो बसला की लगेच स्टिक बाजूला झटकलीस तर दुसऱ्या धक्क्याच्या बाहेर पडता येतं. तेच शीकने पकडून खाली फेकलं आणि तू फॉक्स असशील तर जमिनीवर आपटशील. तेव्हा जमिनीला लागण्याआधीच्या वीस फ्रेममध्ये शील्ड दाबून टेक करायचं, म्हणजे आपटताच सावरायचं. जागीच उठ, डावीकडे लोळ, उजवीकडे लोळ, काहीही कर, पण रोज तेच करू नकोस. शीक तिथे उभी राहून तेवढंच बघत असते. आणि घाईत आधीच दाबलंस तर चाळीस फ्रेम तुला दुसऱ्यांदा टेक मिळत नाही, म्हणून बटण बडवू नकोस.

तालमीतला यांच्यासाठी एक भर. मेलीत बऱ्याच फेकी जड पात्रांवर हळू चालतात. बाउझरचं वजन ११७, पफचं ६०. जड माणसाला उचलून आपटायला वेळ लागतो, तसंच. त्यामुळे बाउझरला काही फेकींत दिशा बघून स्टिक धरायला उसंत मिळते. हलक्या पात्राला ती मिळत नाही, त्याला आधीच ठरवावं लागतं.


तालमीतला

हे भावाला दाखवलं. म्हणाला, जड गड्याचा एवढा तरी फायदा आहे म्हणायचा. आमच्या तालमीत मात्र जड गडी उचलायलाच नको असायचा.


राईनकाठचा

ढालतोड, 'सगळ्यात घातक फेकीसाठी धर' हे सोन्यासारखं सांगितलंत. मी यात एकच जोडतो. चांगला पकडणारा हे ओळखतो. तुम्ही सतत मोठ्या फेकीसाठी स्टिक धरताय हे त्याला दोन-तीन वेळात कळतं आणि तो मुद्दाम दुसरी फेक करतो, जिच्यासाठी तुमची स्टिक अगदी चुकीच्या जागी असते. मार्थची पुढची आणि खालची फेक यासाठीच जोडीने वापरतात. तेव्हा मधूनच बदलत राहावं लागतं.


नवखा_मारिओ

काल रात्री एक घडलं ते सांगायला आलोय. ऑनलाइन समोर नेस होता. मी ११० टक्क्यांवर, तो कडेला पाठ करून. त्याने पळत येऊन पकडलं. आधी मी लगेच स्टिक फिरवायला लागलो असतो. या वेळी हात थांबवला, वर आणि आत धरून ठेवली आणि बटणं दाबत राहिलो. त्याने मागे फेकलं. मी वरच्या कोपऱ्यापर्यंत उडत गेलो, पडद्याबाहेर गोल भिंगात दिसायला लागलो आणि तिथून परत आलो! पुढचा जीव मी टोमाहॉक करून त्याला कडेवर पकडून घेतला. सामना हरलो, पण तो जीव मी घेतला.


ढालतोड

वा! तो सामना सेव्ह केला असशील तर पाठव, बघायचाय मला. आणि पुढच्या रविवारी कोथरूडला येता येत असेल तर ये. मित्राच्या भावालाही बोलावलंय. त्याने कालच विचारलं, शील्ड कधी सोडायची ते शिकवशील का.